उस्तादांच्या हातची खडखड

मी एक स्कूटर आहे. अंगाने लहान, रंगाने कधीकाळची लाल, आणि स्वभावाने, आत्याबाईंच्या शब्दांत सांगायचं तर, अगदी गरीब गाय. आज मी इतकी गुमान चालते की तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मधे काही महिने असे गेले की मी गल्लीच्या तोंडाशी आले की लोक खिडक्या लावून घेत. लहान पोरं मला 'खुळखुळा' म्हणत. त्या दिवसांचीच गोष्ट सांगायची आहे, कारण ती नुसती माझी नाही.

जन्म कारखान्यातला. त्यात फार सांगण्यासारखं काही नाही. माझ्यासारख्याच बहिणी रांगेत उभ्या होत्या आणि कुणाच्या नशिबी कुठलं घर आहे हे एकीलाही ठाऊक नव्हतं. मला मिळालं आत्याबाईंचं. त्या कपडे शिवायच्या दुकानात मापं घ्यायच्या. गळ्यात टेप तशीच लटकवून माझ्यावर बसायच्या आणि इतक्या हळू चालवायच्या की मागून सायकलवाले घंटी वाजवत पुढे जायचे. "जा बाबांनो, जा," त्या म्हणायच्या, "मला कुठे आग विझवायचीय?" उरलेल्या कापडांचे तुकडे जोडून त्यांनी मला एक झाकण शिवलं होतं, आरशांना दोन टोपरी असलेलं. ते घातलं की मी बाळसेदार मांजरासारखी दिसायचे.

मग त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला. एक दिवस त्यांनी आपल्या भाचीला बोलावलं, किल्ली तिच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "ही घे. हिला टाकून बोलू नकोस हं, मनाला लावून घेते."

ही भाची म्हणजे माझी आताची मालकीण. घरात सगळे तिला लेकच म्हणतात, मीही तेच म्हणते. घर तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं. मी उभी राहते ती स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, पायऱ्यांना लागून. त्यामुळे त्या घरात काय शिजतं ते मला कळतं, चुलीवरचं आणि मनातलंही.

आत्याबाईंचं दुकान सपाटीवर होतं. लेक काम करते ते पाळणाघर मात्र टेकडीवर. अर्ध्या चढावर माझा जीव मेटाकुटीला यायचा. एकदा तर एक आजोबा काठी टेकत माझ्या बरोबरीने चालत आले, लेकीशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि माझ्या आधी वर पोचले. त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन लेक हसत हसत ते सांगत होती, पण तिचे वडील हसले नाहीत. बाहेर आले, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हिच्यात दम आहे. फक्त तो चाकापर्यंत पोचत नाहीये."

वडिलांना सगळे उस्ताद म्हणतात. उभा जन्म त्यांनी कारखान्यात लेथवर काढला. शेडच्या एका टोकाला चहा पीत बसलेले असले तरी दुसऱ्या टोकाच्या मशीनचं बेअरिंग जाणार हे ते कानाने सांगायचे. मशीन उघडलं की तेच निघायचं. हे नाव तिथलंच, आणि नोकरी संपली तरी ते घरी बरोबर आलं.

त्यांनी ठरवलं, मला नवा व्हेरिएटर बसवायचा. माझ्यासारखीला गिअर टाकावे लागत नाहीत, कारण ते काम हा व्हेरिएटर परस्पर करतो. दोन धातूच्या तबकड्या आणि त्यांच्यामधे पट्टा. एका तबकडीच्या पोटात छोटे गोल रोलर असतात. वेग वाढला की ते बाहेरच्या बाजूला धावतात, तबकड्या जवळ येतात आणि पट्टा वर सरकतो. एवढंच. उस्तादांनी आणला तो माझ्या कंपनीचा नव्हता, बाजारात वेगळा मिळतो त्यातला होता. चढावर जोर मिळेल, असं त्याच्या डब्यावर लिहिलेलं होतं.

सुट्टीच्या सकाळी त्यांनी जुने पेपर पसरले आणि बाह्या सरसावल्या. त्यांच्या हातांची सफाई काय सांगू! माझा एकही स्क्रू दुखावला नाही. डाव्या बाजूचं झाकण उघडलं, जुना व्हेरिएटर उतरवला, नवा चढवला, पट्टा बसवला, नट आवळला, झाकण बंद. मग लेकीला आणि तिच्या आईला हाका मारून बोलावलं, आणि बटण दाबलं.

खड-खड-खड-खड-खड!

डब्यात खिळे घालून कुणी हलवावा, तसा आवाज माझ्या पोटातून येत होता. मीच दचकले. उस्ताद मात्र माझ्या सीटवर हात ठेवून उभे, तोंडभर हसत.

"ऐक," ते लेकीला म्हणाले. "कशी चालतेय बघ. लोण्यासारखी!"

लेकीने आईकडे पाहिलं. आईने लेकीकडे. आईचे कान असे की दूध उतू जाण्याआधी भांडं काय बोलतं ते तिला पलीकडच्या खोलीतून कळतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या त्या हसऱ्या चेहऱ्याकडे, आणि पदरात काही लपवावं तशी म्हणाली, "छान झालीय हो."

तिथून घरात अळीमिळी गुपचिळी सुरू झाली.

खरं सांगते, चढ मी आता वाऱ्यासारखी चढत होते. त्या व्हेरिएटरचं म्हणजे कानामागून आला आणि तिखट झाला. पळताना आवाजही नसायचा. पण वेग कमी झाला, कुठे थांबले, की खडखड सुरू. पाळणाघरापाशी पोचायचे तेव्हा नुकती डोळा लागलेली बाळं टक्क जागी व्हायची, आणि थोडी मोठी पोरं दाराकडे धावत ओरडायची, "खुळखुळा आला!" पोरांना आनंद, आणि ज्या बाईंनी अर्धा तास थोपटून एकेकाला निजवलेलं, त्यांचं तोंड बघवत नसे. मग लेक मला कोपऱ्यावरच बंद करून ढकलत आत न्यायला लागली. घरून निघतानाही तसंच. गल्ली संपेपर्यंत ढकलायची आणि मग सुरू करायची, म्हणजे शेजारचं कुणी उस्तादांकडे तक्रार घेऊन जायला नको.

खिडकीखाली उभी राहून मी बाकीचंही ऐकत होते.

"बाबा, पाणी तापलंय."

"नाही गं, मी कशाला तापतोय?"

मग सगळे हसायचे, उस्तादही. पण कधी कधी हसणं जमायचं नाही. "तुम्ही दोघी हल्ली पुटपुटता," ते चिडून म्हणायचे. "तोंड उघडून बोलायची चोरी आहे का या घरात?" दारावरची बेल वाजून वाजून पाहुणा खिडकीशी यायचा. पण 'तुम्हाला ऐकू कमी येतं' हे शब्द कुणाच्या ओठांवर येत नव्हते. ज्याची ओळखच कानाने झालेली, त्याला ते कोण सांगणार?

एकदा कामावरून परत येताना लेकीने मला गुपचूप नाक्यावरच्या मेकॅनिककडे नेलं. त्याने आवाज ऐकला आणि कपाळावर हात मारला. झाकण उघडून त्याने नट तपासला, तो घट्ट होता. पट्टा पाहिला, नवाकोरा. रोलर बदलून पाहिले. बटण दाबलं, तर पुन्हा खडखड.

"हा काढून टाकू," तो म्हणाला. "जुना असेल ना घरी? तो बसवतो. कटकट संपली."

"नको," लेक पटकन म्हणाली. "बाबांनी बसवलाय तो."

"मग उस्तादांनाच दाखवा की! त्यांच्या कानासमोर माझं काय चालणार?"

लेकीने हातातली किल्ली एकदा फिरवली. मग म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही."

मेकॅनिकच्या हातातला पाना थांबला. "हा आवाज?"

"हाही. आणि बरंच काही."

हे वाक्य पहिल्यांदाच कुणी मोठ्याने बोललं होतं, आणि तेही घराबाहेर. मेकॅनिकने माझं झाकण परत लावलं, स्क्रू नेहमीपेक्षा सावकाश पिळले. "ताई," तो म्हणाला, "मी हे त्यांच्यामागे उघडलं ते बरं नाही झालं. त्यांना सांगा. ते रागावतील, पण सांगा."

लेकीने मान हलवली. सांगितलं मात्र नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

मग तो दिवस उजाडला. लेक कामावरून परत येत होती, उशीर झाला म्हणून न ढकलता, चालूच मी गल्लीत शिरले होते. पुढे रस्त्याच्या मधोमध उस्ताद चालले होते, हातात पाव आणि अंड्यांची पिशवी. लेकीने हॉर्न वाजवला. माझा हॉर्न बारीक आवाजाचा, पण बऱ्यापैकी टोचणारा. ते बाजूला होईनात. तिने पुन्हा वाजवला, वाजवतच राहिली. तिला वाटत होतं, आता वळतील, आता वळतील. आपला बाप आपला हॉर्न ऐकून वळणार नाही, हे मनाला पटतच नाही ना! इतक्यात ते स्वतःशी काही ठरवल्यासारखे एकदम उजवीकडे सरकले, बरोबर माझ्यासमोर. लेकीने दोन्ही ब्रेक दाबले. मी घसरले. ती एकीकडे, मी दुसरीकडे. माझ्या आरशाचा चुरा झाला, आणि माझं हँडल पिशवीला लागून अंडी रस्त्यावर.

उस्ताद वळले ते पिशवीला हिसका बसला म्हणून. मला पाहिलं, लेकीला पाहिलं, तिच्या कोपरावरचं रक्त पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. भीती वाटली की माणूस आधी ओरडतो. तेही ओरडले, "अगं, हॉर्न वाजवायला काय झालं होतं?"

लेक रस्त्यावर बसूनच म्हणाली, "विसरले, बाबा."

पण गल्लीला दुकानदार असतो, आणि दुकानदाराला तोंड असतं. तो गल्ला सोडून धावत आला होता. "विसरली कसली! केव्हाची वाजवतेय पोर! अख्ख्या गल्लीने ऐकलं. आणि हॉर्न कशाला पाहिजे, ही खडखडी तर पलीकडच्या रस्त्यावरूनच कळते, उस्ताद!"

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. उस्ताद त्याच्या ओठांकडे बघत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, हल्ली ते सगळ्यांच्या ओठांकडेच बघतात. त्यांनी खाली वाकून मला उचललं, लेकीला उठवलं, आणि घरापर्यंत मला ढकलत नेलं.

लेकीच्या कोपराला पट्टी बांधून झाल्यावर ते एकटेच बाहेर आले. माझ्यासमोर उभे राहिले आणि हॉर्नचं बटण दाबलं. एकदा. मग दुसरा हात पुढच्या पत्र्यावर, आत हॉर्न असतो तिथे ठेवून पुन्हा दाबलं. हाताला थरथर लागत होती, हे मला कळत होतं. कानाला काय लागत होतं ते त्यांनाच माहीत. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी दाबलं नाही. पायरीवर बसले आणि लेकीला हाक मारली.

"ही कशी वाजते? खरं सांग."

लेक दारात उभी होती. "बसवल्या दिवसापासून खडखडतेय, बाबा."

"किती?"

"डबाभर खिळे हलवावेत तशी."

"आणि तू बोलली नाहीस."

"तुम्ही लोण्यासारखी म्हणालात. इतके खूश होतात तुम्ही. मग काय बोलू?"

उस्तादांनी हे सगळं ऐकलं की ओठांवरून वाचलं, कोण जाणे. मी म्हटलं, आता हे मला भंगारात काढणार. पण ते उठले आणि हत्यारांची पेटी घेऊन आले.

"बस इथे," ते लेकीला म्हणाले. "आता तू माझे कान. मी हात लावीन, तू ऐकून सांगायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की गुन्हेगार सापडत नाही."

त्यांनी मला स्टँडवर चढवलं, बटण दाबलं. "बोल."

"खडखड."

"ब्रेक धर. आता मूठ थोडी पीळ. बोल."

"थांबली. नाही, सोडलं की परत."

"म्हणजे ताण आला की गप्प आणि ताण गेला की बडबड."

आई खिडकीतून म्हणाली, "अगदी आपल्या घरासारखीच आहे." आणि हात पुसत बाहेर येऊन तीही पायरीवर बसली.

मग उस्तादांनी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक माझ्या झाकणावर टेकवलं आणि मूठ आपल्या कानामागच्या हाडाला लावली. डोळे मिटले. झाकणावर टोक थोडं थोडं सरकवत गेले. पुढच्या बाजूला आले तसे थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग मी कधी विसरणार नाही. हाडातून का होईना, तो आवाज त्यांना भेटला होता.

"अगं आई गं," ते हळूच म्हणाले. "ही तर केव्हाची ओरडतेय."

नंतर झाकण निघालं. नट सुटला. आईने एक ताट आणून दिलं आणि एकेक भाग त्यात ओळीने मांडला गेला. रोलर सपाट झालेले नव्हते, बसवले होते ते सरळच. मग तबकडीच्या आतलं झाकण हातात आलं. रोलरना पाठीमागून धरून ठेवतं ते. त्याच्या टोकांना प्लॅस्टिकच्या छोट्या टोप्या असतात, त्या व्हेरिएटरच्या खाचांमधून वरखाली सरकतात. उस्तादांनी ते झाकण जागेवर बसवलं, दोन बोटांनी धरलं आणि किंचित हलवलं.

टिक टिक.

"आवाज आला!" लेक आणि आई एकदम म्हणाल्या.

"मला बोटांना आला," उस्ताद म्हणाले. "इथे खेळ आहे. या टोप्या जुन्याच होत्या, चांगल्या दिसल्या म्हणून मी ठेवल्या. पण या नव्याच्या खाचा जरा रुंद आहेत. गाडी जागेवर उभी असताना झाकण सैल पडतं आणि नाचतं. वेग आला की दाबून बसतं, म्हणून पळताना गप्प."

"म्हणजे बाजाराने आपल्याला टोपी घातली," आई म्हणाली.

"नाही. टोपी मीच घातली," उस्ताद म्हणाले, "आणि तीही ढिली!"

ते हसायला लागले. लेक हसायला लागली. आईच्या हातातलं ताट हलून रोलर गडगडत पायऱ्यांवरून खाली गेले आणि तिघंही गुडघ्यांवर बसून ते शोधत राहिले. इतक्या दिवसांत त्या घरात असं हसू मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी निरोप धाडला आणि नाक्यावरचा मेकॅनिक वेगवेगळ्या मापांच्या टोप्या घेऊन आला. पहिल्या बसवल्या त्या इतक्या घट्ट की झाकण हलेच ना. "आवाज जाईल, पण चढावर अडकेल," उस्ताद म्हणाले. मेकॅनिकने मान डोलावली आणि दुसऱ्या काढून दिल्या. या टोप्यांवर झाकण आपल्याच वजनाने अलगद खाली सरकलं, आणि बाजूला हलवलं तर ढिम्म. लेकीने कान जवळ नेला. "काही नाही."

सगळं बंद झालं. बटण दाबलं. मी माझा श्वास ऐकला, तो किती दिवसांनी! उस्तादांनी सीटवर हात ठेवला, पण या वेळी ते माझ्याकडे बघत नव्हते, लेकीच्या तोंडाकडे बघत होते.

"सांग."

लेकीने डोळे मिटून ऐकलं. "लोण्यासारखी नाहीये," ती म्हणाली. "खडखड गेली. पण खाली एक बारीक घरघर आहे."

"ती इंजिनाची. वयाची आहे, राहू दे." त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "आज 'छान आहे बाबा' म्हणाली असतीस ना, तर मी तुझ्याशी बोलणं सोडलं असतं."

आणि मग स्वतःच म्हणाले, "ते कानाचे डॉक्टर कुठे बसतात?"

तिथे त्यांना मीच नेलं. लेक पुढे, ते मागे. कानात मशीन बसवून निघाले तेव्हा दवाखान्याच्या दारातच उभे राहून हातातली पिशवी चुरगाळत होते. "कागद एवढा वाजतो?" म्हणाले. माझा इंडिकेटर टिकटिकला तर विचारलं, "हे काय बिघडलं?" लेकीने समजावलं की तो पहिल्यापासूनच टिकटिकतो. घरी गेल्यावर तर आणखी मजा. आई बोलायला लागली आणि सवयीप्रमाणे वरच्या पट्टीत. उस्तादांनी दोन्ही कान झाकले. "अगं, हळू! मी काय टेकडीवर बसलोय?" आई इतकी गोंधळली की दोन दिवस तिला घरात कुठल्या आवाजात बोलावं तेच कळेना. हल्ली ती फार रागावली की ते मशीन काढून खिशात ठेवतात. तिला ते कळतं. ती मग बोलणं थांबवून नुसती बघते, आणि ते मुकाट्याने परत लावतात.

एक गोष्ट मात्र मला कायमची पुरेल. मशीन लागल्यानंतरच्याच आठवड्यात लेक त्यांना पाळणाघर दाखवायला घेऊन चालली होती. वाटेत नेहमीप्रमाणे ती माझ्यावर बसून गात होती. ती रोज गाते. मी तिला मिळाले त्या दिवसापासून, हँडल हातात आलं की तिचा गळा सुटतो. एरवी कुणासमोर ओठ हलवणार नाही.

मागून उस्तादांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू गातेस?"

लेक एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "रोजच गाते. मागे तुम्ही बसलेले असायचात तेव्हाही."

त्यांचा हात खांद्यावर तसाच राहिला. आम्ही एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. चढ लागला.

"बेसूर गातेस," उस्ताद म्हणाले.

"माहितेय."

"थांबलीस कशाला मग? गा की."

ती गायला लागली. मी चढत राहिले. मागे बसलेला म्हातारा माणूस पुढे वाकला होता, मुलीच्या पाठीला कान लावल्यासारखा.

आता माझं वय झालंय. रंग उडालाय, फुटलेल्या आरशाच्या जागी दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आरसा बसलाय, आणि सकाळी सुरू व्हायला मला जरा आळस येतो. कधीतरी लेक नवी गाडी घेईल, आणि घ्यावीच. माझं तुमच्याकडे मागणं थोडंसंच आहे. तुमच्या शेजारून एखादी खडखडणारी गाडी गेली, की खिडकी लावून घेऊ नका. जिची असेल तिला सांगा. आणि घरातल्या माणसाला काही सांगायचं असेल, तर तेही असंच सांगा, तोंडावर, पण शेजारी बसून, हाताशी एक ताट घेऊन. पडलेले रोलर शोधायला मग घरचं कुणी ना कुणी खाली वाकतंच.

बाहेर पावलं वाजली. लेक आली वाटतं, आणि तिच्या मागे दुसरीही पावलं आहेत, जरा सावकाश. निघते मी.